क्षमा आणि भावनानियमन

क्षमा आणि भावनानियमन यांचा परस्परसंबंध हा मानसशास्त्रातील, विशेषतः व्यक्तिमत्त्व, समुपदेशन व आरोग्य या शाखांमधील एक अभ्यासविषय आहे. अन्याय किंवा मानहानी सोसलेल्या व्यक्तीच्या मनातील संताप, कटुता आणि सूडाची इच्छा कशी ओसरते, ती ओसरत असताना मनात कोणत्या क्रिया घडतात आणि त्यांचा त्या व्यक्तीच्या मानसिक स्वास्थ्यावर कोणता परिणाम होतो, याचा विचार या विषयात केला जातो. क्षमा हा दीर्घकाळ धर्म आणि नीतिशास्त्र यांच्या कक्षेतील विषय मानला जात असे. तिचा पद्धतशीर मानसशास्त्रीय अभ्यास १९८० च्या दशकात सुरू झाला व १९९० नंतर त्याला वेग आला.

या अभ्यासातून पुढे आलेले महत्त्वाचे प्रतिपादन असे की, क्षमा म्हणजे राग दाबून टाकणे नव्हे. राग दाबला तर तो इतरांना दिसत नाही, पण शरीरावरील त्याचा ताण कायम राहतो. घडलेल्या घटनेचा आणि ती घडविणाऱ्या माणसाचा अर्थ मनात बदलला, तर रागाचे मूळच सैल होते. या दोन प्रक्रियांतील भेद व्यवहारात सहज निसटतो आणि त्यामुळे 'झाले गेले विसरून जा' हा उपदेश पुष्कळदा क्षमेच्या नावाखाली केला जातो.

संकल्पना आणि मराठी शब्दप्रयोग

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट एनराइट हे या क्षेत्रातील आरंभीच्या संशोधकांपैकी एक होत. त्यांच्या मांडणीनुसार, अन्याय झालेल्या व्यक्तीने आपल्याला रास्तपणे वाटणारा रोष स्वेच्छेने सोडणे आणि अपराध्याचा त्यावर हक्क नसतानाही त्याच्याविषयी करुणा बाळगणे म्हणजे क्षमा. 'रास्तपणे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अन्याय झालाच नाही असे म्हणणाऱ्याला क्षमा करण्यासारखे काही उरतच नाही.

मायकेल मॅकलो यांनी क्षमेकडे प्रेरणांतील बदल म्हणून पाहिले. दुखावलेल्या माणसाच्या मनात दोन प्रेरणा प्रबळ होतात: अपराध्याला टाळण्याची आणि त्याच्यावर सूड उगवण्याची. या दोन्ही ओसरणे व सद्भावाची प्रेरणा परत येणे, म्हणजे क्षमा. मॅकलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली मापनश्रेणी टाळणे व सूड या दोन प्रेरणांवरच बेतलेली आहे. मराठी भाषकाला ही विभागणी नवी वाटणार नाही. 'अबोला धरणे' ही पहिली प्रेरणा, 'उट्टे काढणे' ही दुसरी. 'डूख धरणे' या शब्दप्रयोगात तर सापाच्या वैराची कल्पना असून, वेळ साधण्यासाठी जपून ठेवलेला राग त्यातून नेमका व्यक्त होतो.

मराठीने याहूनही सूक्ष्म असा एक भेद जपला आहे. 'अपराध पोटात घालणे' आणि 'अपमान गिळणे' या दोन्ही वाक्प्रचारांत क्रिया गिळण्याचीच आहे, परंतु अर्थ निराळे आहेत. अपराध पोटात घालणारा माणूस मोठेपणाने, आपल्या इच्छेने तसे करतो आणि तो विषय तेथे संपतो. अपमान गिळणारा माणूस निरुपाय म्हणून गिळतो आणि तो अपमान आत तसाच राहतो. मानसशास्त्रज्ञ ज्यांना पुनर्मूल्यांकन आणि अभिव्यक्तिनिरोध म्हणतात, त्या दोन प्रक्रिया या वाक्प्रचारांच्या बऱ्याच जवळच्या आहेत.

क्षमा आणि तिच्या आसपासच्या काही गोष्टी यांत अभ्यासक काटेकोर भेद करतात. विसरणे, समर्थन करणे, सबब मान्य करणे, कायद्याने शिक्षा माफ होणे आणि समेट घडणे या पाचही गोष्टी क्षमेहून वेगळ्या आहेत. समेटाला दोन पक्ष लागतात. क्षमा एकट्याने करता येते, अगदी अपराधी हयात नसला तरीही.

भावनानियमन

आपल्याला कोणती भावना यावी, केव्हा यावी, ती कशी अनुभवावी व कशी व्यक्त करावी यावर माणूस जाणतेपणी किंवा नकळत जो प्रभाव पाडतो, त्याला भावनानियमन म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात या प्रक्रियेचे पाच टप्पे दाखविले आहेत. प्रसंग निवडणे वा टाळणे, प्रसंगात बदल करणे, लक्ष दुसरीकडे वळविणे, प्रसंगाचा अर्थ बदलणे आणि अखेरीस उमटलेल्या प्रतिक्रियेला आवर घालणे, असा त्यांचा क्रम आहे. क्षमेच्या दृष्टीने शेवटचे दोन टप्पे विशेष महत्त्वाचे आहेत.

अर्थ बदलण्याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. ते भावना पूर्ण उसळण्यापूर्वीच काम करते. प्रतिक्रियेला आवर घालणे, म्हणजेच अभिव्यक्तिनिरोध, भावना उसळल्यानंतर काम करतो. चेहरा शांत ठेवला जातो, शब्द रोखले जातात, पण आत जे सुरू झाले ते थांबत नाही. ग्रॉस व रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, भावना उद्दीपित करणारे चित्रपट पाहताना चेहऱ्यावर काहीही न दाखविणाऱ्या व्यक्तींच्या शरीरातील उत्तेजन काही बाबतींत उलट वाढलेले आढळले. ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांच्या २००३ मधील अभ्यासात, पुनर्मूल्यांकनाची सवय असलेल्या व्यक्तींमध्ये सुखद भावना व समाधान अधिक, तर भावना दाबण्याची सवय असलेल्यांमध्ये ते कमी आणि निकटचे संबंधही उणे असल्याचे दिसून आले. याचा अर्थ राग आवरणे नेहमीच वाईट असा नव्हे. वर्गात, कचेरीत किंवा रस्त्यावर क्षणभर राग आवरणे हे शहाणपणाचेच असते. प्रश्न येतो तो वर्षानुवर्षे तेवढा एकच उपाय वापरला जातो तेव्हा.

रागाला जिवंत ठेवणारी आणखी एक प्रक्रिया म्हणजे मानसिक रवंथ. झालेला प्रसंग, तेव्हा उच्चारले गेलेले शब्द, आपण द्यायला हवे होते पण न दिलेले उत्तर हे सारे मनात पुन्हा पुन्हा घोळत राहते. इंग्रजीतील 'रूमिनेशन' ही संज्ञाही जनावरांच्या रवंथावरूनच आलेली आहे. सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनामुळे या प्रक्रियेचा नैराश्याशी असलेला संबंध प्रकाशात आला. अपराधाविषयीचा रवंथ आणि क्षमा यांचे नाते व्यस्त आहे: रवंथ वाढला की क्षमा अवघड होते आणि क्षमा घडू लागली की रवंथ उणावतो. क्षमेचा मानसिक स्वास्थ्यावरील परिणाम बऱ्याच अंशी याच वाटेने होतो, असे अनेक संशोधक मानतात.

प्रायोगिक पुरावा

अमेरिकेतील होप महाविद्यालयाच्या शार्लट विटव्हलिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात वारंवार उद्धृत केला जातो. ७१ विद्यार्थ्यांना आपल्याला दुखावणाऱ्या एका खऱ्या व्यक्तीची आठवण करण्यास सांगण्यात आले. काही वेळ त्यांनी ती दुखापत मनात घोळविली व आकस बाळगण्याची कल्पना केली. काही वेळ त्या व्यक्तीकडे समानुभूतीने पाहण्याची व तिला क्षमा करण्याची कल्पना केली. आकस बाळगण्याच्या काळात कपाळावर आठ्या पाडणाऱ्या स्नायूंचा ताण, त्वचेची विद्युत्वाहकता, हृदयाची गती आणि रक्तदाब यांत अधिक वाढ दिसून आली. कल्पना करणे थांबवून विश्रांती घेण्यास सांगितल्यावरही यांपैकी काही परिणाम टिकून राहिले होते. अपराधी समोर नसताना, केवळ आठवणीने एवढे घडले, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

याच संशोधकगटाच्या २०११ मधील प्रयोगाने पुढचा प्रश्न हाती घेतला. रवंथ थांबविण्याचे दोन मार्ग ताडून पाहिले गेले. एक, अपराध्याकडे चुकलेला व बदलाची गरज असलेला माणूस म्हणून करुणेने पाहणे. दुसरा, मनातील अप्रिय भावना दाबणे. दोन्ही मार्गांनी अप्रिय भावना कमी झाल्या. मात्र समानुभूती व क्षमाभाव वाढला तो करुणेने पुनर्मूल्यांकन केले तेव्हाच. भावना दाबल्याने तात्पुरती शांतता मिळते, पण माणूस क्षमेच्या दिशेने सरकत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

पुनर्मूल्यांकन केवळ अपराध्याविषयीच करावे लागते असे नाही. मॅकलो व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात ३०४ विद्यार्थ्यांनी भाग घेतला. त्यांच्यापैकी एका गटाने आपल्यावर झालेल्या अपराधातून आपल्याला काय लाभले याविषयी सुमारे २० मिनिटे लेखन केले. धैर्य, स्वतःची ओळख, खऱ्या मित्रांची पारख असे काहीही त्यात चालण्यासारखे होते. अपराधाच्या क्लेशदायक बाजूविषयी किंवा असंबद्ध विषयावर लिहिणाऱ्या गटांपेक्षा या गटात क्षमाभाव अधिक आढळला.

पैठणच्या संत एकनाथांविषयी परंपरेने सांगितली जाणारी कथा येथे आठवते. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ दर वेळी शांतपणे स्नानाला परत जातात. अखेर तो मनुष्य शरमतो, तेव्हा तुझ्यामुळे आज इतक्या वेळा गोदास्नान घडले, असे नाथ त्याला म्हणतात. ही कथा सामान्यतः सहनशीलतेची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः त्यात राग गिळलेला नाही. प्रसंगाचा अर्थच निराळा लावल्यामुळे राग उद्भवलाच नाही, असे कथेचे म्हणणे आहे. शाळांतून ती सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो आणि 'उलट उत्तर देऊ नये' एवढाच बोध उरतो.

मानसिक स्वास्थ्याचे कोणते अंग?

मानसिक स्वास्थ्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे. कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये त्याची सहा अंगे मांडली: आत्मस्वीकार, इतरांशी सुसंबंध, स्वायत्तता, परिस्थितीवरील पकड, जीवनहेतू आणि व्यक्तिगत वाढ. क्षमेचा सुसंबंधांशी असलेला दुवा उघड आहे. स्वायत्ततेशी असलेला दुवा मात्र सहज लक्षात येत नाही. जोवर माणूस डूख धरून असतो, तोवर त्याच्या दिवसाचा काही भाग अपराध्याच्याच ताब्यात असतो. तो कोठे भेटेल, कोणत्या लग्नाला येईल, कोणाशी काय बोलेल, यावर आपले जाणे-येणे ठरते. क्षमेने हा ताबा सुटतो.

समुपदेशनातील पद्धती

एनराइट यांच्या पद्धतीत चार टप्पे आहेत. प्रथम राग व दुखापत उघडपणे ओळखणे, मग क्षमेचा मार्ग स्वीकारायचा की नाही याचा निर्णय, त्यानंतर अपराध्याला समजून घेण्याचे प्रत्यक्ष काम आणि शेवटी त्या अनुभवाला आयुष्यात अर्थ देणे. रागाची ओळख पहिल्या टप्प्यावर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जो राग मान्यच केलेला नाही, त्याचे नियमन करता येत नाही. सुझन फ्रीडमन व एनराइट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी कुटुंबातील व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या १२ स्त्रियांबरोबर या पद्धतीने काम करण्यात आले. प्रत्येकीला सरासरी १४ महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यांच्यातील नैराश्य व चिंता घटली आणि आशा वाढली. क्षमा हा एका बैठकीत उरकण्याचा विधी नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे एव्हरेट वर्दिंग्टन यांची 'रीच' पद्धती पाच पायऱ्यांची आहे: दुखापत वस्तुनिष्ठपणे आठवणे, अपराध्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहणे, क्षमा ही देणगी म्हणून देणे, त्या निर्णयाशी बांधील राहणे आणि शंका आली तरी तो टिकविणे. वर्दिंग्टन निर्णयात्मक क्षमा व भावनिक क्षमा असा भेद करतात. 'मी सूड घेणार नाही' हा निर्णय क्षणात होऊ शकतो. भावना त्यामागून, आपल्या गतीने येतात. क्षमा केल्यावरही राग पुन्हा वर येतो म्हणून आपली क्षमा खोटी होती असे पुष्कळांना वाटते. त्यांच्या दृष्टीने हा भेद दिलासा देणारा आहे.

वर्दिंग्टन यांच्यावर या सिद्धान्ताच्या कसोटीचा प्रसंग स्वतःच ओढवला. १९९५ च्या अखेरीस, नववर्षाच्या रात्री त्यांच्या वृद्ध आईचा घरफोडी करणाऱ्याने खून केला. प्रथम आपल्या मनात त्या मारेकऱ्याला ठार करण्याचेच विचार आले, हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पुढे त्यांनी त्या रात्रीचा प्रसंग मारेकऱ्याच्या बाजूने कल्पून पाहिला: रिकामे समजून शिरलेले घर, अनपेक्षितपणे समोर आलेली व्यक्ती, पकडले जाण्याची भीती. खून त्यामुळे समर्थनीय ठरला नाही, पण मारेकरी त्यांना पुन्हा माणूस म्हणून दिसू लागला.

अशा पद्धतींच्या उपयुक्ततेचा आढावा नॅथॅनिएल वेड व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घेतला. ५४ अहवालांच्या एकत्रित विश्लेषणात क्षमाभाव वाढल्याचे, तसेच नैराश्य व चिंता कमी झाल्याचे आढळले. अधिक काळ चाललेल्या उपक्रमांचा परिणाम अधिक होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील ४,५९८ व्यक्तींना 'रीच' पद्धतीवरील स्वाध्यायपुस्तिका देण्यात आली. ती पूर्ण करण्यास सुमारे तीन तास लागत. तेवढ्यानेही क्षमाभावात वाढ आणि नैराश्य व चिंतेच्या लक्षणांत घट झाल्याचे दिसून आले.

मर्यादा आणि धोके

क्षमा सर्व परिस्थितीत हितकारक असते, असे संशोधन सांगत नाही. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षे मागोवा घेतला. अधिक क्षमाशील असलेल्या व्यक्तींच्या जोडीदारांची मानसिक व शारीरिक आक्रमकता पुढील वर्षांतही टिकून राहिली, तर कमी क्षमाशील व्यक्तींच्या जोडीदारांची आक्रमकता घटत गेली, असे त्यांच्या २०११ मधील लेखात नमूद आहे. लॉरा लचीज व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले की, अपराध्याने भरपाई केली नसेल आणि पुढे सुरक्षितता व आदर मिळण्याची चिन्हे नसतील, तर क्षमेमुळे क्षमा करणाऱ्याचा आत्मसन्मानच घटतो.

हा मुद्दा आपल्या समाजात विशेष गंभीर आहे. मारहाण सोसणाऱ्या सुनेला 'पदरात घे, मोठ्या मनाने सोडून दे' असे वडीलधारी मंडळी सांगतात, तेव्हा ती क्षमा मागत नसतात. घरची गोष्ट घरात राहावी यासाठी मौन मागत असतात. भावनानियमनाच्या परिभाषेत हा अभिव्यक्तिनिरोधाचा आग्रह आहे आणि तोही बहुधा दुर्बळ बाजूलाच केलेला असतो. हिंसा चालू असताना पहिली गरज सुरक्षिततेची आहे. ग्रॉस यांच्या प्रतिमानातील पहिले दोन टप्पे, प्रसंगापासून दूर होणे व तो बदलणे, हेही भावनानियमनच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण मागणारी स्त्री क्षमाशील नाही असे म्हणता येत नाही.

क्षमा आणि न्याय यांचा भेद स्पष्ट करणारे भारतातील एक उदाहरण ग्लॅडिस स्टेन्स यांचे आहे. त्यांचे पती, कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि दोन लहान मुलगे यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे जमावाने गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच वेळी, क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. खटला चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. ग्लॅडिस यांना २००५ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

दक्षिण आफ्रिकेतील सत्य व समेट आयोगासमोर साक्ष दिल्यानेच पीडितांचे मन हलके झाले, असा सरसकट निष्कर्षही टिकत नाही. डेब्रा कॅमिनर व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात क्षमाभाव कमी असलेल्या पीडितांमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण अधिक आढळले, परंतु आयोगासमोर साक्ष देण्याचा मानसिक स्थितीशी लक्षणीय संबंध दिसला नाही.

भारतीय परंपरेतील विचार

क्षमेच्या मर्यादांची चर्चा आधुनिक संशोधनाआधी फार पूर्वी झालेली आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराच्या अतिक्षमेवर रोष व्यक्त करते आणि त्यासाठी प्रल्हाद व बळी यांच्यातील संवादाचा दाखला देते: सदैव कठोरपणा हितकर नाही, तशी सदैव क्षमाही नाही. अपराध नकळत झालेला आहे काय, पूर्वी त्याच माणसाने उपकार केले होते काय, असे निकष तेथे चर्चिले आहेत. युधिष्ठिर उत्तरादाखल क्रोधाचे दुष्परिणाम व क्षमेची थोरवी सांगतो. मूळ प्रकरण वाचणाऱ्याला द्रौपदीची बाजू दुबळी वाटत नाही.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात क्षांती हे ज्ञानाचे लक्षण व सोळाव्या अध्यायात क्षमा ही दैवी संपत्ती म्हणून येते; ज्ञानेश्वरीत या दोन्हींचे स्वतंत्र विवेचन आहे. बौद्ध परंपरेत खंती ही दहा पारमितांपैकी एक आहे. जैन परंपरेने क्षमेला वार्षिक आचाराचे रूप दिले. श्वेतांबर जैन संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून परस्परांची क्षमा मागतात, तर दिगंबर जैनांच्या दशलक्षण पर्वाचा आरंभ उत्तम क्षमेने होतो. कोल्हापूर-सांगली भागातील मराठीभाषक जैन समाजातही हा आचार पाळला जातो. येथे क्षमा मागणे आणि देणे दोन्ही एकाच दिवशी, सर्वांकडून घडत असल्याने कोणा एकाला कमीपणा येत नाही. संक्रांतीचा तिळगूळही अनेक घरांत अबोला सोडण्याचे निमित्त ठरतो.

मापनाच्या अडचणी

या विषयावरील पुष्कळसा पुरावा प्रश्नावल्यांवर आधारलेला आहे. लॉरा थॉम्प्सन व सहकाऱ्यांची २००५ मधील १८ विधानांची श्रेणी स्वतःला, इतरांना आणि परिस्थितीला केलेली क्षमा स्वतंत्रपणे मोजते. त्यांपैकी स्वतःला क्षमा करणे हा भाग सर्वांत नाजूक आहे. जबाबदारी न स्वीकारता स्वतःला माफ करून टाकणारा माणूसही अशा प्रश्नावलीत चांगले गुण मिळवू शकतो. शिवाय सहसंबंधावरून कार्यकारणभाव ठरत नाही. क्षमेमुळे मन स्वस्थ होते, तसेच मुळात स्वस्थ असलेल्या मनाला क्षमा सोपी जाते.

भाषांतराचाही प्रश्न आहे. मराठीत 'क्षमा' हा संस्कृत शब्द गंभीर असून तो देव, गुरू, वडीलधारी यांच्या संदर्भात सहज येतो. अरबी मूळाचा 'माफ' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, पण तो कर्जमाफी व फीमाफीतही वापरला जातो, म्हणून त्याला देणे सोडून दिल्याची छटा आहे. एकाच इंग्रजी विधानाचे 'मी त्याला क्षमा केली', 'मी त्याला माफ केले' आणि 'मी ते मनातून काढून टाकले' असे तीन अनुवाद केले, तर एकच मराठी माणूस तिन्हींना वेगवेगळी उत्तरे देऊ शकेल.